काळ्या पाठीची आणि तपकिरी पाठीची

"माणूस असो नाहीतर पाखरू, मी एकदा तोंड बघितलं की संपलं! पुढचं मागचं सगळं मला तिथल्या तिथे कळतं!"

हे वाक्य मातोश्री दिवसातून एकदा तरी म्हणायच्याच. ऐकायला कोणी नसलं तर पातेल्याला ऐकवायच्या.

मातोश्री म्हणजे घराच्या सर्वेसर्वा. शाळेशी त्यांचं फार दिवस जमलं नाही. बाई एक शिकवायच्या, ह्या दुसरंच सांगायच्या. शेवटी दोघींपैकी एकीने शाळा सोडायची असं ठरलं, आणि बाईंना पगार होता. पण त्यावाचून मातोश्रींचं काही अडलं नाही. डॉक्टर त्यांनी तोंड बघून निवडला, भाडेकरू तोंड बघून ठेवला, आणि थोरल्यासाठी सूनही तोंड बघूनच आणली. सून गुणाची निघाली. क्वचित ती उलट बोलली, तर मातोश्री म्हणायच्या, "त्या दिवशी उजेड कमी होता."

अडलं होतं ते फक्त धाकट्याचं. धाकटा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. साधा, सरळ, हसरा. पण लग्नाची बोलणी निघाली की कुठेतरी माशी शिंकायची, आणि ती माशी दरवेळी मातोश्रींच्या जिभेवर बसलेली असायची. एका मुलीच्या हसण्याला त्या दाराची बिजागरी म्हणाल्या. एकीच्या वडिलांना म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका, तुम्हाला शोभत नाही."  धाकटा बिचारा दुकानात जायचा आणि भिंगं घासायचा. इतकी घासायचा की पातळ व्हायची.

आणि मग त्याने स्वतःच एक मुलगी शोधली! तिची आई चष्मा करायला दुकानात आली होती, मुलगी सोबत होती. आईला भिंगं बसवता बसवता धाकट्याचं मन मुलीवर बसलं. घरी आला तो शीळ घालत. मातोश्रींनी त्याची शीळ कित्येक वर्षांनी ऐकली होती. त्यांनी मनाशी ठरवलं, या वेळी जिभेला गाठ मारायची.

मुलीची आई म्हणजे उंच, शिडशिडीत, मोजकं बोलणारी बाई. समोरच्याकडे बघायची ती त्या नव्या चष्म्यातून, शांतपणे, जणू कापडाचा पोत बघते आहे. तिच्या घरात एक पिंजरा होता आणि पिंजऱ्यात दोन चिमुकली आफ्रिकेची पाखरं, एक नर आणि एक मादी. वॅक्सबिल म्हणतात त्यांना. अंगठ्याएवढी! लाल चोच, डोळ्यावरून गेलेली लाल पट्टी, राखाडी अंग. शेपटी सारखी डावीउजवीकडे हलवायची, जणू कोणीतरी मागे लागलंय.

पहिल्या भेटीत मुलीची आई म्हणाली, "बोलणी पुढे न्यायला माझी हरकत नाही. पण माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे, आम्हा दोघींना तिकडे जावं लागेल. परत आलो की बघू. या पाखरांना तेवढे दिवस कुठे ठेवावं, तोच एक घोर आहे."

जिभेची गाठ तिथेच सुटली.

"घोर कसला? आमच्याकडे द्या की! माझ्या घरात आलेला जीव हरवत नाही, विहीणबाई!"

मुलीच्या आईने चष्म्यातून पाहिलं. "विहीणबाई म्हणायची घाई नको. तूर्त नुसतं 'बाई' पुरे."

धाकट्याने खाली मान घातली. पण पिंजरा घरी आला!

आता मातोश्रींचा एक स्वभाव होता. त्यांना घाण खपत नसे. पिंजऱ्याच्या तळाला धान्याची टरफलं बघून त्यांचा जीव वरखाली होऊ लागला. सूनबाई म्हणाली, "आई, खालचा ट्रे नुसता ओढून पुसायचा असतो."

"पुसायचा? मी काय पुसून स्वच्छता करते? मी धुते!"

आणि त्यांनी अख्खा पिंजरा पाखरांसकट न्हाणीघरात नेला. दार लावलं. वरची हवेची झडप उघडी होती, पण झडपेला तोंड नसतं, त्यामुळे मातोश्रींनी तिच्याकडे बघितलं नाही. पिंजऱ्याचं दार उघडून त्यांनी ब्रश आत घातला. भुर्र! लाल चोच, लाल पट्टी, राखाडी अंग, आणि शेवटी काळीभोर शेपटी. सगळं एकामागोमाग झडपेतून बाहेर!

"अगं ए! अगं थांब! तुला काय कमी होतं गं इथे?"

राहिलेलं पाखरू दांडीवर बसून मातोश्रींकडे बघत होतं. पोलिसाने बघावं तसं.

घरात एकच कल्लोळ उडाला. सूनबाई गच्चीवर धावली, धाकटा रस्त्यावर धावला, यजमान वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, "मी काय करू?" मातोश्री म्हणाल्या, "आजवर जे केलंत तेच!" यजमानांनी वर्तमानपत्र पुन्हा उचललं. झडपेत धान्य ठेवलं, पिंजरा गच्चीवर टांगला, मातोश्रींनी स्वतः तोंडाचा चंबू करून चिवचिव केली. चार कावळे आले. पाखरू काही आलं नाही.

धाकटा परत आला आणि पिंजऱ्यासमोर बसला. शीळ बंद! मातोश्री स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, तो सूनबाईला हळूच म्हणत होता, "वहिनी, आईला काही सांगू नका. तिला वाईट वाटेल."

त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं! ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं.   या पोराचं घर मांडायच्या आधी आपणच मोडलं, या विचाराने मातोश्रींचे हातपाय गळाले. पण हातपाय गाळून बसतील तर त्या मातोश्री कसल्या! त्यांनी चपला घातल्या आणि थेट पाखरांचं दुकान गाठलं.

दुकानदार सुस्त माणूस. त्याच्या जागी मांजर असतं तर जास्त कामाचं ठरलं असतं, पण त्या दुकानात मांजर चाललं नसतं.

"वॅक्सबिल पाहिजे," मातोश्री म्हणाल्या.

"कुठली?"

"लाल चोचीची."

"दोन जाती आहेत, दोन्हींना लाल चोच."

"डोळ्यावर लाल पट्टी असलेली."

"दोन्हींना आहे."

"राखाडी?"

"दोन्ही. आफ्रिकेतलीच दोन्ही. चुलत भावंडं म्हणा ना. बाई, फरक मागे असतो."

"मागे? मागचं बघायला मी काय शिंपी आहे? ती द्या! ती, माझ्या डोळ्याला डोळा देऊन बघतेय ती!"

"नर की मादी, ते मी छातीठोक सांगत नाही हं."

"तिचं तोंडच सांगतंय, बाईमाणूस आहे ते!"

घरी येऊन मातोश्रींनी पाखरू पिंजऱ्यात सोडलं. नवी दांडीच्या मधोमध बसली, जुन्याला कडेला सारलं आणि दाण्याच्या वाटीत पहिली चोच घातली. मातोश्रींना ती फार आवडली. समोरून बघाल तर दोघं एका साच्यातली! तीच चोच, तीच पट्टी!

"बघा! कोणाच्या बापाला कळणार नाही!"

तेवढ्यात नवी वळली.

सूनबाईने डोळे बारीक केले. फोन काढला, चित्रं शोधली, एकदा फोनकडे, एकदा पिंजऱ्याकडे बघितलं. "आई, आपल्या पाखराची पाठ शेपटीपाशी काळी आहे. शेपटीही काळी, कडेने पांढरी किनार."

"मग?"

"हिची तपकिरी आहे. वर बारीक बारीक आडव्या रेघा. ही वेगळी जात आहे. ती काळ्या पाठीची वॅक्सबिल, ही साधी वॅक्सबिल."

"साधी?" मातोश्रींना त्या पाखराचा अपमान सहन झाला नाही. "साधी काय साधी! रेघा हिच्याच अंगावर आहेत ना?"

"पण त्यांना दिसेलच ना! धाकट्या भाऊजींनी बसवलेली भिंगं आहेत ती. पलीकडच्या गच्चीवरची मुंगी दिसते त्यातून!"

मातोश्रींनी पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली. समोरून जुळी. मागून एक कोळशाच्या वखारीत बसून आलेली, आणि एक पोत्याचं कापड नेसलेली. आणि शेपट्या म्हणजे दोघांच्याही सारख्या हलताहेत! इकडे तिकडे, इकडे तिकडे! देवाने फरक द्यावा तो नेमका तिथे द्यावा, आणि वर तो हलता ठेवावा!

मातोश्री पुन्हा दुकानात धावल्या. "काळ्या पाठीची द्या!"

"होती ना, बाई. तुम्ही घेतलीत तिच्या शेजारीच बसली होती. तुम्ही बाहेर पडलात आणि एक गिऱ्हाईक येऊन घेऊन गेलं."

"कसं निवडलं त्याने?"

"मागून बघितलं."

मातोश्री तिथल्या रिकाम्या पिंजऱ्यावर टेकल्या. दुकानदाराने पाणी दिलं. पाखरांच्या वाटीत दिलं, पण त्यांचं लक्षच नव्हतं.

मग सुरू झाल्या युक्त्या. पिंजरा कोपऱ्यात ठेवला, मागे भिंत आली. तर नवी भिंतीकडे तोंड करून बसायची! भिंतीवर आरसा लावला, म्हणजे भिंतीकडे वळली तरी आरशात तोंड दिसेल; तर ती पुढे वळली की आरशात पाठ दिसायला लागली. दाण्याची वाटी पुढे टांगली. ती पुढे यायची, दाणा घ्यायची आणि खायला मागे वळायची, चोरून खाणाऱ्या माणसासारखी. यजमान म्हणाले, "खोलीतला दिवा काढू या का?" त्यांच्या आयुष्यातली ती पहिली उपयोगी सूचना होती. दिवा काढला. पण दिवसा खिडकीतून येणारा उजेड काढायचा कसा, ते यजमानांना सांगता येईना.

धाकटा दुकानातून यायचा, बघायचा आणि म्हणायचा, "आई, राहू दे ना आता. खरं सांगून टाकू."

"गप्प बस! तुला काय कळतं! खरं सांगून कोणाचं लग्न झालंय?"

यजमान खोकले. मातोश्रींनी नुसतं बघितलं. खोकला थांबला.

पण मातोश्रींची झोप उडाली होती, भूक मेली होती. सूनबाईने वाढलेलं ताट तसंच राहायचं. रोज सकाळी कोणी उठायच्या आत त्या न्हाणीघरात जाऊन झडपेत मूठभर धान्य ठेवायच्या आणि खालून वर बघत उभ्या राहायच्या. आकाशाचा एवढासा तुकडा दिसायचा. त्यात काही हलायचं नाही.

मुलीची आई परवा येणार होती. निदान आपलं तोंड तरी नीट दिसावं म्हणून मातोश्री केस काळे करायला बसल्या. हे काम त्या दार लावून, एकटीने करायच्या; आपले केस जन्मजात काळे आहेत असं त्या जगाला सांगत आल्या होत्या. जगाने ते कधी मानलं नव्हतं, पण जगाची हिंमतही झाली नव्हती. वाटीत रंग कालवला, कपाळापासून सुरुवात केली. पुढचं झालं, कानशिलं झाली. आता मागचं राहिलं, तेवढ्यात दारावर थाप!

"आई! त्यांचा फोन! त्या परवा नाही, आत्ता येताहेत! रस्त्यातच आहेत!"

मातोश्रींच्या पायाखालची जमीन सरकली. त्या घाईघाईने डोकं धुऊन बाहेर आल्या. पिंजऱ्याकडे बघितलं. नवी पाठमोरी बसली होती. तपकिरी! त्यांनी हातातल्या वाटीकडे बघितलं. काळा रंग! आणि त्यांच्या डोळ्यांत जे चमकलं ते बघून सूनबाई दोन पावलं मागे सरली.

"आई, नाही हं! चोचीने साफ करते ती पिसं! पोटात जाईल!"

"डब्यावर पानाफुलांचं चित्र आहे!"

"चित्र आहे म्हणून काय झालं?"

"मग खाण्याचं काजळ दे!"

"खाण्याचं काजळ नसतं, आई!"

"तर मग हेच! येऊन गेल्या की लगेच पुसू! धर तिला! नको, मीच धरते!"

मऊ कापसाच्या बोळ्याने मातोश्रींनी त्या एवढ्याशा पाठीवर आणि शेपटीवर रंग टेकवला.  पाखराचं काळीज त्यांच्या तळव्यात धडधडत होतं, आणि त्यांचं स्वतःचं त्याहून जोरात. "रागावू नकोस गं बाई," त्या पुटपुटल्या, "माझ्या लेकराचं कल्याण होऊ दे. नंतर तू मला टोच." तिने नंतरची वाट बघितली नाही.

दाराची घंटा वाजली.

मुलीची आई आली, मागे मुलगी. मुलीने धाकट्याकडे बघितलं, धाकट्याने मुलीकडे. दोघांची तोंडं उतरलेली. 

"या या! बसा! पाखरं अगदी मजेत! बघा, कशी आहेत! म्हणजे लांबूनच बघा, माणसं जवळ आली की बुजतात!"

मुलीची आई सरळ पिंजऱ्याजवळ गेली. नवी तिच्याकडे पाठ करून बसली होती. काळीभोर पाठ! मातोश्रींनी श्वास सोडला. इतका मोठा सोडला की यजमानांचं वर्तमानपत्र हललं.

"छान," मुलीची आई म्हणाली. "या वेळी त्यांना आंघोळ लागते. एक बशी पाणी मिळेल?"



"पाणी?" मातोश्री म्हणाल्या. "पाणी नाही."

"नळ ऐकू येतोय की."

"तो गळतो. त्याचं पाणी वेगळं."

"कसलं वेगळं?"

 सूनबाईने खाली मान घालून बशी आणली. बशी आत गेली. जुनं पाखरू दांडीवरच बसलं. नवी मात्र खाली उतरली, बशीत शिरली आणि अशी काही नाचली, जणू महिनाभर तहानलेली! फडफड, फडफड! पाण्याचा रंग पालटला. आधी राखाडी, मग चहा, मग शाई. थेंब उडाले ते मुलीच्या आईच्या चष्म्यावर, धाकट्याने बसवलेल्या त्या स्वच्छ भिंगांवर, काळे काळे.

नवी बशीतून बाहेर आली, अंग झाडलं आणि दांडीवर बसून सगळ्यांना पाठ दाखवली. तपकिरी. रेघांसकट.



मातोश्री उभ्या होत्या. काहीतरी ठणकावून सांगावं, पाण्याला दोष द्यावा, दुकानदाराला शिव्या घालाव्या, असं सगळं जिभेवर आलं. मग त्यांना धाकटा दिसला. तो त्यांच्याकडेच बघत होता. रागाने नाही.

"चुकलं माझं," मातोश्री म्हणाल्या.

यजमानांच्या हातून वर्तमानपत्र पडलं.

"तुमची मादी उडाली, बाई. मी पिंजरा धुवायला नेला, झडप बघितली नाही. ही मी आणली, तिचं तोंड बघून. रंगही मीच लावला. पोराचा यात काही दोष नाही. त्याला माझ्यावरून जोखू नका. तो त्याच्या बापावर गेलाय, निरुपद्रवी आहे."

मुलीच्या आईने चष्मा काढून पुसला. सावकाश पुसला. मातोश्रींना वाटलं, एवढ्या वेळात आपण म्हाताऱ्या झालो.

"मादी उडाली ते मला त्याच संध्याकाळी कळलं," ती म्हणाली.

"काय?"

"तुमच्या मुलाने माझ्या मुलीला फोन करून सांगितलं. मग मी त्याला सांगितलं, की मला माहीत आहे हे आईला कळू देऊ नकोस. बघू, त्या आपणहून कधी सांगतात ते."

मातोश्रींनी धाकट्याकडे बघितलं. "म्हणजे 'आईला काही सांगू नका' ते..."

"ते हे, आई."

"अरे मेल्या! मी इथे अन्नपाणी सोडलं! भिंतीवर आरसे लावले!"

"मी रोज म्हणत होतो ना, सांगून टाकू म्हणून!"

मुलीची आई पिंजऱ्यात बघत होती. जुनं पाखरू दांडीवरून थोडं सरकलं होतं, आणि ओल्या झालेल्या नवीला खेटून बसलं होतं.  मग ती म्हणाली, "गेली ती माझ्या हातावर दाणे खायची." तिचा आवाज जरा ओला झाला. "सांगायला उशीर लागेल, एवढं वाटलं होतं मला. पण तुम्ही पाखरू रंगवाल, असं काही वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं," मातोश्री खालच्या आवाजात म्हणाल्या.

आता काही उरलं नव्हतं. हरलेल्या माणसाला एकच काम असतं, चहा. मातोश्रींनी मान ताठ केली, नाक वर केलं, आणि जेवढा रुबाब उरला होता तेवढा गोळा करून त्या वळल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या.

मागून आधी मुलीचं हसणं आलं, दाबलेलं. मग सूनबाईचं, न दाबलेलं. मग यजमानांचंसुद्धा!

"काय झालं?" मातोश्री गर्रकन वळल्या. समोरून काळ्याभोर.

"काही नाही," मुलीची आई म्हणाली. तिने पुसलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला होता, आणि पहिल्यांदाच ती हसत होती. "पुन्हा एकदा पाठ फिरवा बरं, विहीणबाई! पाखराचा रंग कुठून आला, ते आत्ता कळलं!"

मातोश्रींचा हात मागे डोक्यावर गेला. कापसासारखं पांढरंशुभ्र! लाज वाटावी की आनंद व्हावा, तेच त्यांना कळेना. कारण त्या वाक्यातला एक शब्द त्यांच्या कानात घंटेसारखा वाजत होता, आणि धाकट्याने शीळ घातली होती.

लग्न झालं. पिंजरा या घरातच राहिला, दोन पाठींसकट. झडपेला जाळी बसली. तोंड बघून सगळं कळतं, हे मातोश्री अजूनही सांगतात. मात्र केस रंगवायला बसल्या की आता त्या मागून सुरुवात करतात. पुढचं राहिलं, तर निदान आरशात दिसतं!